अपघात विमा असतो, पण अपंगत्व आल्यावर नेमकं किती आणि कशाचं मिळतं?

वारजेकर

नमस्कार. हा धागा मुद्दाम काढतोय. या विषयावर घराघरांत चुकीच्या समजुती आहेत आणि त्या उघड्या पडतात त्या थेट क्लेमच्या वेळी, म्हणजे माणूस आधीच खचलेला असताना.

गेल्या वर्षी माझ्या मेहुण्याला नवले पुलाच्या उतारावर टेम्पोने उडवलं. उजवा घोटा चुरला, दोन ऑपरेशनं झाली, जवळपास पाच महिने घरी बसावं लागलं. त्याची १० लाखांची वैयक्तिक अपघात पॉलिसी होती. सरकारी दाखल्यावर उजव्या पायाचं ४५ टक्के अपंगत्व लिहून आलं, तेव्हा घरात सगळ्यांनी साडेचार लाख धरले. कंपनीने मंजूर केले दीड लाख. मग पॉलिसीचं पुस्तक घेऊन बसलो आणि हिशोब उलगडत गेला. तो इथे मांडतो.

अशा पॉलिसीत मृत्यूखेरीज अपंगत्वाचे तीन प्रकार असतात. पहिला, कायमचं संपूर्ण अपंगत्व: दोन्ही डोळे, दोन्ही हात, दोन्ही पाय, किंवा एक डोळा आणि एक हात अथवा पाय गेला, तर पूर्ण विमा रक्कम. दुसरा, कायमचं अंशतः अपंगत्व. इथे दाखल्यावरचा आकडा चालत नाही, पॉलिसीतलं कोष्टक चालतं. हाताचा अंगठा दोन्ही पेरांसकट गेला तर साधारण २५ टक्के, तर्जनी तिन्ही पेरांसकट गेली तर १० टक्के, पायाचा अंगठा ५ टक्के, असं ते कोष्टक असतं. कंपनीगणिक थोडाफार फरक पडतो. मेहुण्याचा घोटा त्या कोष्टकात नव्हताच. अशा दुखापतीसाठी बऱ्याच पॉलिसींत अगदी तळाला एक ओळ असते: इतर कोणतंही कायमचं अंशतः अपंगत्व, कंपनीच्या पॅनेलवरचे डॉक्टर ठरवतील ती टक्केवारी. त्यांनी १५ टक्के ठरवले.

तिसरा प्रकार मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं. तात्पुरतं संपूर्ण अपंगत्व, ज्याला टीटीडी म्हणतात. माणूस काही महिने कामावर जाऊ शकत नाही, पण पुढे बरा होतो. अशा काळात आठवड्याला ठरावीक रक्कम मिळते. मेहुण्याच्या पॉलिसीत विमा रकमेच्या १ टक्का, पण कमाल ५,००० रुपये आठवड्याला, आणि जास्तीत जास्त १०० आठवडे. पाच महिने घरात किराणा आला तो याच पैशांतून. हा लाभ बहुतेक ठिकाणी वेगळा घ्यावा लागतो, जादा प्रीमियम भरून. एजंट तो आपणहून सांगत नाहीत.

ज्यांनी असे क्लेम केले आहेत किंवा या कामातले आहेत त्यांनी भर घाला. एवढ्यावर धागा संपू नये अशी इच्छा आहे, प्रत्यक्ष उपयोगाचं लिहा.

निवृत्त_सर्व्हेअर

चांगला विषय घेतलात. मी विमा क्षेत्रात उभी हयात काढली, म्हणून काही गोष्टी जोडतो.

दाखल्यावर दोन वेगवेगळे आकडे असू शकतात हे लोकांच्या लक्षात येत नाही. त्या अवयवाचं अपंगत्व किती आणि संपूर्ण शरीराच्या मानाने किती. पायाचे ४५ टक्के म्हणजे शरीराचे ४५ टक्के नव्हेत. दिव्यांग प्रमाणपत्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली मिळतं आणि त्यात ४० टक्क्यांची पायरी महत्त्वाची, कारण बहुतेक सरकारी सवलती तिथून सुरू होतात. विमा कंपनीला त्या पायरीशी देणंघेणं नसतं. तरीही दाखला काढाच. पुण्यात ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी होते, अर्ज स्वावलंबन पोर्टलवर.

वेळेचा पेच मात्र नीट समजून घ्या. जखम स्थिर झाल्याशिवाय डॉक्टर कायमच्या अपंगत्वाची टक्केवारी देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. पण पॉलिसी म्हणते अपंगत्व अपघाताच्या तारखेपासून १२ महिन्यांच्या आत आलेलं हवं. काही रायडरमध्ये (मूळ पॉलिसीला जोडून घेतलेल्या जादा संरक्षणात) तर १८० दिवसच. म्हणून दाखल्याची वाट बघत कंपनीला कळवायचं थांबू नये. अपघात झाल्याबरोबर लेखी कळवा, क्लेम नंबर घ्या, कागद मागाहून देता येतात.

विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण आणि आरोग्य विमा कंपन्यांना सरल सुरक्षा विमा ही एकसारख्या अटींची अपघात पॉलिसी ठेवायला लावली. अडीच लाखांपासून १ कोटीपर्यंत. त्यात टीटीडी ऐच्छिक आहे आणि दर आठवड्याला ०.२ टक्के, म्हणजे १० लाखांवर २,००० रुपये. एवढ्यात पुण्यात घर चालत नाही, तेव्हा विमा रक्कम ठरवताना आधी हा आठवड्याचा आकडा काढा आणि उलट दिशेने मोजा.

सदाशिव_पेठ_४११०३०

आमच्याकडे वेगळाच प्रश्न उभा आहे. माझ्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला. वय ५१, खाजगी नोकरी, डावी बाजू पूर्ण गेली. अपघात विमा होता. कंपनीने एका ओळीत कळवलं की हा अपघात नाही. माणूस अंथरुणावर आहे, कायमचं अपंगत्व आहे, दाखला ७५ टक्क्यांचा आहे, तरी एक रुपया नाही. हे कायद्याने बरोबर आहे का?

निवृत्त_सर्व्हेअर

ताई, वाचून फार वाईट वाटलं. दुर्दैवाने कंपनीचं उत्तर पॉलिसीला धरून आहे. अपघात विम्यात कारण बाहेरचं, अचानक घडलेलं आणि डोळ्यांना दिसणारं लागतं. मेंदूतली गुठळी किंवा रक्तस्राव हा आजार धरला जातो. आपल्याकडे आजारपणातून आलेल्या अपंगत्वावर महिन्याचा पगार भरून देणारी वैयक्तिक पॉलिसी सहज मिळतच नाही. अमेरिकेत असे विमे सर्रास असतात, म्हणून परदेशी लेख वाचून लोकांचा गोंधळ होतो.

पण शोधायच्या जागा आहेत. यजमानांच्या नावावर क्रिटिकल इलनेस म्हणजे गंभीर आजारांची पॉलिसी किंवा टर्म प्लॅनवर तसा रायडर आहे का, कपाट उघडून बघा. नियामकाने आजारांच्या व्याख्या ठरवून दिल्या आहेत. झटक्यानंतर मज्जासंस्थेची कायमची हानी किमान ३ महिने टिकली असल्याचा पुरावा लागतो, म्हणून तीन महिन्यांनंतरचं न्यूरॉलॉजिस्टचं पत्र आणि एमआरआय सांभाळा. त्यातच हातापायांच्या कायमच्या लुळेपणाची वेगळी व्याख्याही असते, तीही तपासा. गृहकर्ज असेल तर बँकेने कर्जाबरोबर कोणता विमा गळ्यात घातला होता तेही पाहा. लोक तो पार विसरलेले असतात.

पीएफवाला_काका

सदाशिव पेठेच्या ताईंसाठी, आणि हे कृपया सगळ्यांनी वाचा.

यजमानांचा पीएफ कापला जात होता का? असेल तर ईपीएस म्हणजे पेन्शन योजनेत बघा. ईपीएस ९५ मध्ये कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं तर अपंगत्व पेन्शन आहे. त्यासाठी १० वर्षांची अट नाही, किमान एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरते. आणि मुख्य म्हणजे अपंगत्व कामावर आलं पाहिजे असंही नाही. जे काम माणूस करत होता तशी सगळी कामं करायला तो कायमचा असमर्थ झाला, हे वैद्यकीय मंडळाने मान्य केलं पाहिजे. म्हणजे अर्धांगवायूही यात बसू शकतो. पेन्शन मोठी नसते, किमान १,००० रुपये महिना, पण नोकरीची वर्षं असतील तर वाढते.

एक अट: १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा पीएफमध्ये आलेले आणि तेव्हा मूळ पगार १५,००० च्या वर असलेले लोक ईपीएसमध्ये नसतात. वय ५१ म्हटलंत, म्हणजे ते बहुधा आधीपासूनचे सभासद असतील. पासबुकात पेन्शनचा रकाना उघडून बघा. राजीनामा द्यायच्या आधी अर्ज करा, कारण अपंगत्व नोकरीत असताना आलेलं लागतं. एचआरवाले आजारी माणसाकडून पटकन राजीनामा घेतात, तिथे सही करू नका. मग गोळीबार मैदानाजवळच्या पीएफ कार्यालयात जाऊन चौकशी करा.

सदाशिव_पेठ_४११०३०

काका, राजीनाम्याचा कागद खरंच आलाय. सही केलेली नाही. पासबुकात पेन्शनचा रकाना भरलेला आहे. उद्याच बघते.

चाकण_शिफ्ट_बी

आमच्या लाइनवर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो त्यांच्यासाठी लिहितो. पगार २१,००० पर्यंत असेल (दिव्यांग कामगाराला २५,०००) तर कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के जातात. पोरं म्हणतात कशाला कापता, दवाखान्यात रांगा असतात. पण कामावर अपघात झाला तर तात्पुरत्या अपंगत्वात रोजच्या सरासरी पगाराच्या ९० टक्के मिळतात, जोवर कामावर जाता येत नाही तोवर. त्याला किती महिने वर्गणी भरली ही अट नाही. पहिल्या दिवशी हात मशीनमध्ये गेला तरी मिळतं. बाजारात यापेक्षा चांगली टीटीडी मला कोणी दाखवावी.

कायमचं अपंगत्व असेल तर वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा पैसे येतात. नोकरी सुटली तरी येतात. आमच्यातल्या एकाची प्रेसवर तीन बोटं गेली, त्याला दर महिन्याला रक्कम जमा होते आणि तो आता स्टोअरला कामही करतो. दोन्ही चालतं.

घरून कामावर येता-जाता अपघात झाला तरी तो कामावरचा धरला जाऊ शकतो, पण वेळ, ठिकाण आणि कामाचा संबंध दाखवावा लागतो. त्यामुळे सुपरवायझरने अपघाताची नोंद त्याच दिवशी केली पाहिजे. "दोन दिवस बघू, मग लिहू" हे ऐकून घेऊ नका. उपचाराला मोहननगर किंवा बिबवेवाडीचं ईएसआय रुग्णालय.

अपघात नसून आजार असेल तर ९१ दिवस ७० टक्के, आणि टीबी, कॅन्सर, अर्धांगवायू अशा ठरलेल्या मोठ्या आजारांत ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. त्याला मात्र वर्गणीच्या अटी आहेत.

वारजेकर

चाकणकर, अप्रतिम माहिती. अर्धांगवायूला दोन वर्षं ८० टक्के! २१,००० च्या वर एक रुपया गेला की माणूस या संरक्षणातून बाहेर पडतो आणि त्याला कोणी सांगतही नाही. मोठा पगार, लहान छत्र, अशी मधल्या पगाराच्या माणसाची अवस्था आहे. निदान चालू सहामाही संपेपर्यंत संरक्षण राहतं (एप्रिल ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते मार्च), तेवढ्यात स्वतःची पॉलिसी घेऊन टाकावी.

हिंजवडी_फेज_दोन

कंपनीची ग्रुप अपघात पॉलिसी आहे, इनट्रानेटवर "वार्षिक पगाराच्या तिप्पट" एवढंच लिहिलंय. टर्म प्लॅनवर अपंगत्वाचा रायडर पण आहे. एवढं पुरेसं समजू का?

निवृत्त_सर्व्हेअर

दोन्ही कागद मागवून वाचा. ग्रुप पॉलिसीत टीटीडी आहे का आणि अंशतः अपंगत्वाचं कोष्टक काय, हे एचआरकडून लेखी घ्या. नोकरी सुटली की ती पॉलिसीही सुटते. आजारपणामुळेच नोकरी गेली तर नेमक्या गरजेच्या वेळी हातात काही राहत नाही.

रायडर बहुतेक वेळा फक्त कायमच्या संपूर्ण अपंगत्वाचा असतो. उदाहरण म्हणून एलआयसीचा अपघाती मृत्यू व अपंगत्व रायडर घ्या. त्यात रक्कम एकदम न मिळता १० वर्षांत मासिक हप्त्यांनी येते आणि पुढचे प्रीमियम माफ होतात. रचना चांगली आहे, दरमहा पैसे येतात. पण एकच पाय गेला तर तो लागू होत नाही. तेव्हा रायडर आणि स्वतंत्र अपघात पॉलिसी यांची कामं वेगळी आहेत. दोन अपघात पॉलिसी असतील तर दोन्हींतून लाभ मिळतो, फक्त दुसरी घेताना पहिली जाहीर करा.

वकीलीण_शिवाजीनगर

दुसऱ्या वाहनाच्या चुकीने अपघात झाला असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाचा मार्ग वेगळा आहे आणि तो विसरू नका. वारजेकर, तुमच्या मेहुण्यांनी स्वतःच्या पॉलिसीतून पैसे घेतले म्हणून टेम्पोच्या विमा कंपनीवरचा दावा जात नाही.

इथे अपंगत्व मोजण्याची रीतच निराळी आहे. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात हे नीट सांगितलंय. डॉक्टरने दिलेली टक्केवारी म्हणजे कमाईचं नुकसान नव्हे. न्यायालयाचंच उदाहरण: डावा हात तोडावा लागला. माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली. तोच सरकारी कचेरीतला कारकून असेल तर नोकरी टिकू शकते आणि नुकसान कमी धरलं जातं. म्हणून दाव्यात डॉक्टरची साक्ष जेवढी महत्त्वाची तेवढाच तुम्ही रोज काय काम करत होता याचा पुरावा. मालकाचं पत्र, कामाचं स्वरूप, पगाराच्या पावत्या, धंदा असेल तर बिलबुकं.

अर्ज अपघाताच्या ठिकाणच्या किंवा तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणात करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आली आहे, ती पाळा. मुदत उलटून गेली असली तरी घरी बसून ठरवू नका, वकिलाला कागद दाखवा.

आणि दुचाकीच्या विम्यात चालक-मालकाचा १५ लाखांचा सक्तीचा अपघात विमा असतो, तो स्वतःच्या चुकीने पडलात तरी लागू होतो. एक हात किंवा एक पाय किंवा एक डोळा गेला तर निम्मी रक्कम. गाडी स्वतःच्या नावावर आणि लायसन्स वैध हवं. भावाची गाडी चालवत असाल तर हा लाभ नाही.

मावळची_लेक

शेतकरी कुटुंबांसाठी: गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि घरातला आणखी एक जण, वय १० ते ७५. दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गेले तर २ लाख, एक अवयव किंवा एक डोळा गेला तर १ लाख. रस्ता, वीज, सर्पदंश, उंचावरून पडणं, सगळं येतं. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत. प्रीमियम भरायचा नाही. आमच्या गावात भात झोडणीच्या यंत्रात हात गेलेल्या बाईंना या योजनेची माहिती ग्रामसेवकाने नाही, शेजारच्या शिक्षिकेने दिली.

टेलरिंग_धायरी

मी घरी ब्लाउज शिवते. नोकरी नाही, ईएसआय नाही, पीएफ नाही, सातबारा नाही. वर कोणीतरी लिहिलंय अंगठ्याचे २५ टक्के. माझा उजवा अंगठा गेला तर मला कात्रीच धरता येणार नाही, मग धंदा पूर्णच बंद. माझ्यासारख्या बाईने काय घ्यायचं? उत्पन्नाचा दाखला मागतात म्हणून एकाने पॉलिसीच दिली नाही.

निवृत्त_सर्व्हेअर

तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात खरा प्रश्न आहे. अपघात पॉलिसी अंगठा मोजते, धंदा मोजत नाही. त्यामुळे विमा रक्कमच मोठी घ्यावी लागते. अपघात विमा त्या मानाने स्वस्त असतो, आयुर्विम्यासारखा वयाबरोबर झपाट्याने महाग होत नाही.

क्रम असा ठेवा. आजच बँकेत जाऊन पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरा. वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यू किंवा संपूर्ण अपंगत्वाला २ लाख, एक डोळा किंवा एक हात अथवा पाय निकामी झाला तर १ लाख. अंगठ्याला काही नाही, हे लक्षात ठेवा. मे महिन्याच्या अखेरीस खात्यात पैसे ठेवा, १ जूनपासून वर्ष सुरू होतं आणि हप्ता कापला गेला नाही तर विमा बंद. त्यानंतर प्राप्तिकराचं विवरणपत्र भरायला लागा, उत्पन्न करपात्र नसलं तरी. त्या कागदावर पुढे १०-१५ लाखांची पॉलिसी मिळायला सोपं जातं. धंद्याच्या रकान्यात शिवणकाम स्पष्ट लिहा, गृहिणी लिहू नका. नाहीतर टीटीडीच्या वेळी कंपनी विचारेल की तुमचं कुठलं उत्पन्न बुडालं.

टेलरिंग_धायरी

एजंटने फॉर्मवर गृहिणीच लिहिलं होतं. बदलून घेते.

हिंजवडी_फेज_दोन

एचआरकडून प्रत आली. टीटीडी नाही. अंशतः अपंगत्वाचं कोष्टक आहे. दारू पिऊन चालवताना झालेला अपघात, साहसी खेळ, स्वतःला केलेली इजा वगळलेली आहे. सिंहगडाचा ट्रेक साहसी खेळात येतो का, कोणाला माहीत आहे?

निवृत्त_सर्व्हेअर

नुसती पायवाटेची चढण सहसा येत नाही, दोर लावून कडा चढणं येतं. पण पॉलिसीतली व्याख्या वाचून कंपनीला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. टीटीडीसाठी स्वतःची वेगळी पॉलिसी घ्या.

वारजेकर

बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं की क्लेम नाकारला किंवा कमी दिला तर कुठे जायचं. आम्ही केलं ते सांगतो.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी. पॅनेलच्या डॉक्टरने १५ टक्के कशाच्या आधारावर दिले, तो अहवाल मागितला. मागितल्यावर मिळाला. त्यात घोट्याची हालचाल किती अंशांपर्यंत होते हे मोजलेलंच नव्हतं. आमच्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी ती मोजून लिहून दिली. कंपनी ३० दिवस गप्प बसली, किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल. पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर जीवन दर्शन इमारतीत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे, कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत अर्ज. नियामकाच्या विमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवता येते.

कागद कुठले उपयोगी पडले: रुग्णालयातली एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद, पोलिसांचा पंचनामा, डिस्चार्ज समरी, प्रत्येक एक्स-रे, आणि डॉक्टरने "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत कामास असमर्थ" असं तारखांसह दिलेलं पत्र. "विश्रांती घ्यावी" एवढंच लिहिलेल्या पत्रावर टीटीडीचे दोन आठवडे कापले होते. डॉक्टरांना तारखा घालायला सांगा, ते घालतात.

मेहुण्याची लोकपालांकडची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. न्यायाधिकरणाचा अर्ज मुदतीत दाखल झालाय, वकीलीणबाई, तुमच्या सांगण्यावरून त्याच्या साइटवरच्या कामाचं पत्र कंपनीकडून मागवलं आहे.

सदाशिव_पेठ_४११०३०

पीएफ कार्यालयात जाऊन आले. अपंगत्व पेन्शनचा अर्ज नोकरीत असतानाच्या तारखेने करायला सांगितलाय, वैद्यकीय मंडळाची तपासणी होईल. यजमानांना तिथे न्यायला रुग्णवाहिका लागेल. कोथरूड-पेठ भागात व्हीलचेअरसकट उतरवून नेणारी, बसवून आणणारी सेवा कोणाला माहीत असेल तर कळवा.

पीएफवाला_काका

निरोप केलाय ताई. तपासणीची तारीख आली की सांगा, मी सोबत येतो.